उणिवेकडून गुणाकडे
श्रेष्ठाचा गौरव सर्वत्र होतो. कालच्याहून आज सरस ठरलेल्याचा क्वचितच. अमेरिकेंतील एन. बी. ए. ही व्यावसायिक बास्केटबॉल संघटना १९८५-८६ च्या हंगामापासून अशा खेळाडूस वार्षिक पारितोषिक देते. निवड क्रीडापत्रकार व समालोचक मतदानानें करितात. या स्तुतींत पूर्वींच्या उणिवेची कबुलीहि असते. म्हणूनच २०२२ मध्यें त्याच्या चषकास जॉर्ज मायकन याचें नांव देण्यांत आलें, तें यथार्थ होय. १९४२ सालीं हा उंच, चष्मेवाला तरुण डीपॉल विद्यापीठांत रे मेयर या गुरूंच्या हातीं आला, तेव्हां त्याच्या हालचाली बेंगरूळ होत्या. मेयर यांनीं त्यास दोरीवरच्या उड्या मारावयास लावलें, नृत्याचे धडे देवविले, दोन्ही हातांनीं चेंडू टाकण्याचा सराव करून घेतला. पुढें तोच मिनियापोलिसच्या विजयी संघाचा आधारस्तंभ झाला. उंची जन्मानें लाभते. चापल्य मात्र कमवावें लागतें.