भुशातली राळ मोजताना

सुतारकामाच्या कारखान्यातली हवा तपासायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे वजन. कामगाराच्या कॉलरपाशी फिल्टर लावायचा, कमरेच्या पंपाने मिनिटाला 2 लिटर हवा त्यातून ओढायची आणि पाळी संपली की फिल्टर तोलायचा. कठीण लाकडाच्या धुळीसाठी युरोपीय संघाने घातलेली घनमीटरमागे 2 मिलिग्रॅमची मर्यादा अशाच वजनावर उभी आहे. पण पाइनची धूळ आणि सागाची धूळ तराजूला सारखीच.

पाइनमध्ये राळ असते. राळेत अ‍ॅबिएटिक, डीहायड्रोअ‍ॅबिएटिक, पिमारिक अशी आम्लं असतात. सोल्डरिंगच्या फ्लक्समध्येही राळ असते आणि तिच्या धुराने जडणारा दमा डॉक्टरांच्या चांगला परिचयाचा आहे. म्हणून धुळीतली ही आम्लं वेगळी मोजायची.

त्यासाठी जुनी, भरवशाची पद्धत गॅस क्रोमॅटोग्राफीची. आम्लं सहज वाफ होत नाहीत, तेव्हा आधी त्यांचे मिथाइल एस्टर करावे लागतात. डायझोमिथेन हे काम चोख करतं, पण ते विषारी आहे आणि त्याचा स्फोटही होतो. माझी खरी हरकत मात्र उष्णतेला आहे. लेव्होपिमारिक आम्ल तापलं की रूप बदलून अ‍ॅबिएटिककडे वळतं. मग आकडा लाकडाचा म्हणायचा की यंत्राचा?

द्रव क्रोमॅटोग्राफीत तापवणं नाही, एस्टर करणंही नाही. अडचण दुसरीकडे येते. यातल्या बऱ्याच आम्लांचं सूत्र एकच, C₂₀H₃₀O₂. त्यामुळे पुढे जोडलेल्या वस्तुमानमापकाला ती सारखीच दिसतात, आणि ऋण आयनांचे तुकडेही फारसे पडत नाहीत. वेगळं करायचं सगळं ओझं क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभावर येतं. डीहायड्रोअ‍ॅबिएटिकची तेवढी सोय आहे: त्यात बेंझीनचं वलय असल्याने ते प्रतिदीप्तीने हुडकता येतं.

पण मला आग्रहाने सांगायचंय ते वेगळंच. अ‍ॅबिएटिक आम्ल हवेत टिकत नाही, त्याचं ऑक्सिडीभवन होतं. स्वीडनमधल्या अ‍ॅन-थेरेस कार्लबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात दाखवून दिलं, की त्वचेची अ‍ॅलर्जी शुद्ध अ‍ॅबिएटिक आम्लाने होत नाही. ती त्यापासून हवेत बनणाऱ्या हायड्रोपेरॉक्साइडसारख्या पदार्थांमुळे होते. म्हणजे नमुना उघड्यावर पडून राहिला तर अहवालातलं अ‍ॅबिएटिक घटतं, आणि नेमके बाधक पदार्थ वाढलेले असतात. अशा अहवालावर कामगाराला निर्धास्त राहा म्हणणं मला घोर अन्याय वाटतो. म्हणून पद्धत कोणतीही घ्या, नमुना अंधारात, थंडीत ठेवा, लवकर तपासा आणि ऑक्सिडीभवनाची खूण म्हणून 7-ऑक्सोडीहायड्रोअ‍ॅबिएटिक आम्लही मोजा.

आपल्याकडे पाइनच्या जोडीला सागही कापला जातो. सागात ही आम्लं नसतात, पण डीऑक्सिलॅपॅकॉल असतं, आणि त्याने त्वचेला अ‍ॅलर्जी होते. सागाच्या कारखान्यातून नमुना आला, तर प्रयोगशाळेने राळेची आम्लं शोधण्याऐवजी ते शोधावं.