रंगांची मोजदाद



खामगाव-शेगाव रस्त्यालगत हजार शेते एका ओळीत आहेत, अशी कल्पना आपण करू. प्रत्येक पीक म्हणजे एक रंग. गारांनी मधला एक पट्टा झोडपला. पहिला प्रश्न येतो : किती तऱ्हांची पिके गेली? पट्ट्यात कापसाचीच चारशे शेते असली, तर ती सारी पाहण्यात दिवस जायचा आणि उत्तर मात्र एवढेच, 'कापूस'.

१९९५ साली गुप्ता, जनार्दन व स्मिड या गणकशास्त्रज्ञांनी यावर सुटसुटीत युक्ती मांडली. प्रत्येक शेतापुढे त्याच पिकाच्या आधीच्या शेताचा क्रमांक लिहून ठेवावा. पट्ट्यातील ज्या शेताचा हा जोडीदार पट्ट्याबाहेर आहे, किंवा मुळीच नाही, तेवढेच शेत घ्यावे. असे शेत प्रत्येक पिकाचे एकच, म्हणजे पट्ट्यातील पहिले. म्हणून कोणतेही पीक दुबार येत नाही, सुटतही नाही. मॅकक्राइट यांच्या १९८५ च्या वृक्षरचनेत या जोड्या ठेवल्या, की सुमारे दहा पायऱ्या आणि दर पिकामागे थोडीशी पावले, एवढ्यात काम होते.

आम्हांला यात मोल वाटते ते असे : चारशे कापसांच्या गर्दीत कोणा एकाचे तिळाचे एकुलते शेतही हरवत नाही.