कॅमेऱ्यात दोन वाजले होते

चुलीवर काही ठेवलं असेल तर आच जरा कमी करा. आज बोलायचंय घड्याळाबद्दल. भिंतीवरच्या नव्हे, कॅमेऱ्याच्या डब्यातल्या.

आता बऱ्याच समूहांच्या दुकानांत, गिरणीत, काहींच्या घरीसुद्धा सीसीटीव्ही कॅमेरा आलाय. कॅमेरा वर टांगलेला असतो आणि चित्र साठवणारा डबा खाली कुठंतरी कपाटावर. त्याला डीव्हीआर म्हणतात. आमच्या लहानपणी गावात भाड्यानं व्हीसीआर यायचा, रात्रभर तीन पिक्चर चालायचे. त्या व्हीसीआरवर कायम १२:०० असं लुकलुकत असायचं. लाईट गेली की घड्याळ पुन्हा बारावर, आणि ते कुणी लावायचं नाही, कारण पिक्चर बघायला वेळेची गरज नसते. आम्हीही डीव्हीआरकडे तसंच बघितलं. चित्र दिसतंय ना, झालं.

आमच्या समूहाचं एसटी स्टँडजवळ छोटं दुकान आहे. चिक्की, पापड, मसाले. दोन पाळ्या असतात, सकाळी नऊ ते एक आणि दुपारी एक ते सहा. मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी रोकड वही आणि गल्ला जुळेना. २,२५० रुपये कमी. सगळ्या नोटा तीनदा मोजल्या. मग कुणीतरी म्हणालं, कॅमेरा कशाला बसवलाय, बघूया की.

बघितलं. चित्रात आमच्या समूहाची साडी नेसलेली एक बाई गल्ला उघडते, नोटा काढते, मोजते आणि दाराकडे जाते. कॅमेरा मागून, तोंड दिसत नाही. साडी तर आम्हा सगळ्यांची एकसारखीच! पण वर कोपऱ्यात वेळ होती, १४:०५. म्हणजे दुपारचे दोन. म्हणजे दुपारच्या पाळीच्या ताई.

आम्ही त्यांना विचारलं. खरं सांगायचं तर विचारलं नाही, सांगितलं. बैठकीत, सगळ्यांसमोर. त्या म्हणाल्या, "मी गल्ल्यातनं सुट्ट्या पैशाशिवाय काही काढलं नाही." कुणीतरी मागून बोललं, "कॅमेरा खोटं बोलतो होय?" त्या उठल्या, चपला घातल्या आणि गेल्या. पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. बचतीचे पैसे मात्र मुलीच्या हातून वेळेवर पाठवले.

सकाळच्या पाळीच्या वहिनी त्याच दुपारी माहेरी गेल्या होत्या, वडील आजारी म्हणून. त्यांना कुणी फोन केला नाही. कशाला करायचा? वेळ तर दुपारची होती.

हे उलगडलं कसं ते ऐका. आमच्यातल्या थोरल्या आक्का आहेत, शाळा चौथीपर्यंत. त्या एक दिवस दुकानात आल्या आणि म्हणाल्या, मला दाखवा ते चित्र. त्यांनी गल्ल्याकडे बघितलंच नाही, दाराबाहेर बघितलं. म्हणाल्या, "ही लाल गाडी कुठली? दोन वाजता आपल्या स्टँडला गाडी असते का?" नसते. साडेअकराची गाडी तालुक्याला जाते, त्यानंतर थेट तीनची. आम्ही सगळ्या गप्प. मग एकीनं मोबाईल काढून चालू चित्राशी वेळ ताडून बघितली. मोबाईलमध्ये चार वाजून दहा मिनिटं, पडद्यावर १८:४०. बरोबर अडीच तास पुढे!

म्हणजे चित्रातले दोन हे गावातले साडेअकरा होते. पाळी सकाळची. वहिनींना फोन लावला तर त्या लगेच म्हणाल्या, "अहो, गूळवाले काका आले होते. ५० किलो गूळ, ४५ रुपयांनी. पावती गुळाच्या पोत्याला टाचलीय." तेवढ्यात माहेरचा फोन आला आणि वहीत लिहायचं राहून गेलं. पावती तिथंच होती. गूळ तर आम्ही रोज वापरत होतो.

चूक एकट्या यंत्राची नाही. पाळी बदलताना एक वाजता गल्ला मोजला असता तर हे घडलंच नसतं. तरीही अडीच तास आले कुठून ते बघूया, कारण तुमच्याही डब्यात ते असू शकतात.

डबा इंटरनेटला जोडला की तो वेळ आपोआप घेऊ शकतो. पण त्याला सांगावं लागतं की आपण जगात कुठं आहोत. त्याला टाइम झोन म्हणतात. भारताची वेळ जीएमटी+०५:३०. आमच्या डब्यात होतं जीएमटी+०८:००, म्हणजे चीनची वेळ. बसवणाऱ्यानं ते बदललं नाही, आम्ही बघितलं नाही. (वेळेचा घोळ आपल्याकडे नवा नाही. देशाची एक प्रमाण वेळ १९०६ मध्ये ठरली, तरी मुंबईत जुनी मुंबई वेळ १९५५ पर्यंत टिकून होती, ३९ मिनिटं मागे.)

आता लावायचं कसं. डब्याला टीव्ही आणि माऊस जोडलेला असतो. माऊसचं उजवं बटण दाबलं की मेन्यू येतो. पासवर्ड विचारतो. तो बसवणाऱ्याकडून मागून घ्या आणि समूहाच्या कपाटात लिहून ठेवा, आपल्या वस्तूची किल्ली आपल्याकडेच हवी. मग सिस्टिम किंवा जनरल नावाच्या भागात तारीख-वेळ सापडते. प्रत्येक कंपनीचे शब्द थोडे वेगळे. आधी टाइम झोन लावा, मग वेळ. डीएसटी असं काही दिसलं तर ते बंद ठेवा, उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायची ती परदेशी पद्धत आहे. वेळ चोवीस तासांची ठेवा, म्हणजे रात्रीचे दोन की दुपारचे हा प्रश्न उरत नाही. तारीख आधी दिवस, मग महिना अशी लावा. नाहीतर ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे यावर भांडण. शेवटी अप्लाय किंवा सेव्ह दाबायला विसरू नका. आम्ही पहिल्यांदा विसरलो होतो.

वेळ मोबाईलवरून घ्या, मोबाईलची वेळ आपोआप लागण्यावर ठेवलेली असली म्हणजे झालं.

एक काळजी मात्र घ्या. घड्याळ मागे घेण्याआधी हवं ते चित्रण पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. मागे घेतलं की तेच तास दुसऱ्यांदा येतात आणि जुनं शोधताना गोंधळ होतो. चित्रावर एकदा उमटलेली वेळ नंतर बदलत नाही, म्हणून "या तारखेपर्यंत घड्याळ इतकं पुढे होतं" हे इतिवृत्त वहीत लिहून सह्या घ्या. पुढेमागे पोलिसांना चित्रण द्यायची वेळ आली तर ती नोंद लागेल.

लाईट गेली की तारीख थेट २००० सालावर जात असेल तर आतला बटणासारखा सेल संपलाय. बहुतेक डब्यांत सीआर २०३२ नावाचा असतो, महाग नसतो. प्लग काढूनच बदलायचा, आणि हात थरथरत असेल तर दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्यायचा. आणि सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे कॅमेऱ्याला दिसेल अशा जागी भिंतीवर साधं घड्याळ टांगा. दोन्ही वेळा एकाच चित्रात दिसतात. आम्ही आता टांगलंय.

त्या ताईंकडे आम्ही सगळ्या मिळून गेलो. साडी-नारळ घेऊन जावं असं काहीजणी म्हणत होत्या, आक्का म्हणाल्या नको, हात रिकामे घेऊन चला. गेलो. ताईंनी पाणी दिलं, चहा ठेवला नाही. आम्ही चुकलो म्हणालो. त्या म्हणाल्या, "माफी इथं घरात कशाला मागता? बोललात कुठं?"

मग पुढच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, जिथं बोललो होतो तिथंच मागितली. इतिवृत्तात लिहिली. त्या आल्या होत्या, दाराजवळ बसल्या. आता दर महिन्याच्या एक तारखेला डब्याची वेळ त्याच तपासतात आणि पाळी बदलताना गल्ला दोघींनी मोजल्याशिवाय किल्ली घेत नाहीत.