जुन्या नावेवरील गोडे पाणी



समुद्रावर जाणाऱ्याला पाण्याची वाण कसली, असे किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला वाटते. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. धक्का सोडताना जेवढे गोडे पाणी टाकीत घेतले असेल, तेवढ्यावरच पुन्हा धक्का दिसेपर्यंत पिणे, रांधणे आणि तोंड धुणे निभवावे लागते. आज मी बोलणार आहे ते या टाकीविषयी आणि तिच्यापासून तोटीपर्यंत जाणाऱ्या नळांविषयी; विशेषतः वीस-पंचवीस वर्षांची सेवा झालेल्या नावांवरील टाक्या आणि नळ यांविषयी. इंदूर-ग्वाल्हेरकडील श्रोत्यांना नावेशी काही कर्तव्य नसेल. परंतु घराच्या गच्चीवर टाकी असलेल्या कोणालाही यातील पुष्कळसे ओळखीचे वाटेल.

जुन्या नावेची डागडुजी करताना मालक प्रथम इंजिनाकडे पाहतो, कारण इंजिन बंद पडले की धंदा बंद पडतो. मग तो तळाच्या फटी बुजवितो, कारण फटीतून पाणी आत येते. पाण्याची टाकी मात्र कधी बंद पडत नाही. ती हळूहळू गंजते, आतून शेवाळते, आणि तरीही तोटी सोडली की पाणी येतच राहते. शिवाय मालक रात्री घरी झोपतो. ते पाणी पितात तांडेल आणि खलाशी. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात दक्षिण गोव्यात साळ नदीच्या मुखाशी असलेल्या कुटबणच्या धक्क्यावर पटकीची साथ पसरली आणि काही खलाशी दगावले. ते बहुतेक परप्रांतांतून पोटासाठी आलेले होते, आणि ट्रॉलर हेच त्यांचे घर होते. पटकी दूषित पाण्याने पसरते हे आपण सातवीच्या मुलाला शिकवितो. त्या मुलाला ठाऊक असलेली गोष्ट धक्क्यावर का पोचू नये, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

शिडाच्या जहाजांच्या काळी पाणी लाकडी पिंपांत भरीत. पिंप काय किंवा बालदी काय, हे दोन्ही शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतले, हे जाता जाता सांगावेसे वाटते. थोड्याच आठवड्यांत त्या पिंपांतील पाण्याला घाण सुटे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश आरमारात लोखंडी टाक्या आल्या. पाणी अधिक टिकू लागले, पण त्याबरोबर गंज आला. म्हणून लोखंडावर जस्त चढविणे किंवा आतून सिमेंटचा पातळ लेप देणे असे उपाय निघाले. जुन्या नावांवर अशा जस्ताच्या टाक्या अजून आढळतात. जस्ताचा थर एकदा झिजला की खालचे लोखंड उघडे पडते आणि पाणी तांबूस येऊ लागते. अशा टाकीला ठिगळे लावीत बसण्यात अर्थ नाही, ती काढावी.

स्टेनलेस पोलादाची टाकी म्हणजे आजन्म निश्चिंती, असा एक समज आहे. तो खरा नाही. या पोलादाचे रक्षण त्याच्या पृष्ठभागावरचा एक अतिसूक्ष्म थर करतो, आणि तो टिकण्यास प्राणवायू लागतो. टाकी ओल्या फळीवर घट्ट टेकली असेल, किंवा तिच्याखाली भिजलेला स्पंज अथवा रबर असेल, तर तेथे हवा पोचत नाही आणि खारट ओल पत्र्यात बारीक भोके पाडते. वेल्डिंगचे सांधे प्रथम जातात. म्हणून टाकी उचलून खालून पाहिल्यावाचून ती चांगली आहे असे म्हणू नये, आणि परत बसविताना भोवती हवा खेळेल अशी बैठक द्यावी.

नवी घ्यावयाची तर अन्नपाण्यासाठी म्हणून बनविलेली जाड प्लास्टिकची, उजेड आत न शिरू देणारी टाकी घ्यावी. बाजारात स्वस्तात मिळणारी निळी पिंपे पुष्कळदा रसायनांची असतात. ती कितीही धुतली तरी पिण्याच्या पाण्याला वापरू नयेत. या एका बाबतीत काटकसरीचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

टाकीच्या रचनेत तीन गोष्टी पाहाव्यात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तेव्हा ५०० लिटरची टाकी अर्धा टन वजनाची होते, आणि ती अर्धी रिकामी झाली की आतले पाणी नाव कलेल त्या बाजूला धावून तिला आणखी कलविते. यासाठी टाकी खाली, मध्यावर आणि आत आडपडदे असलेली हवी. दुसरे, जुन्या टाक्यांना हात घालण्याजोगे झाकण पुष्कळदा नसतेच. जी टाकी उघडता येत नाही ती कोणी धूत नाही. म्हणून आडपडद्यांमधील प्रत्येक खणाला झाकण कापून घ्यावे. तिसरी गोष्ट हवेची नळी. ती बुजली की पंप पाणी ओढीत नाही आणि माणसे पंपालाच शिव्या देतात. तिचे तोंड खाली वळवून त्याला बारीक जाळी लावावी, म्हणजे लाटेचे पाणी आणि झुरळे दोन्ही बाहेर राहतील.

डेकवरचे भरण्याचे झाकण तर सर्वांत दुर्लक्षित. त्याचा वायसर झिजला की मासळी धुतलेले खारे पाणी थेट टाकीत उतरते. शिवाय डिझेलचे झाकण पुष्कळदा त्याच्या शेजारीच असते. दोन्हींवर ठळक रंग द्यावेत. अंधारात घाईने पाण्यात डिझेल ओतले गेले तर ती फेरी तेथेच संपते.

आता नळ. जुने तांब्याचे नळ वाईट नाहीत, परंतु त्यांचे सांधे पूर्वी शिसे घातलेल्या डाखाने जोडीत, आणि शिसे शरीरात साचते. तांब्याचा नळ जस्ताच्या लोखंडी नळाला थेट जोडलेला असेल तर लोखंड आधी खाल्ले जाते. ही दोन धातूंची आणि पाण्याची बॅटरीच होय. काही जण हे सारे काढून पारदर्शक प्लास्टिकची नळी घालतात. दिसावयास ती स्वच्छ, पण उजेड आत जातो आणि महिन्याभरात शेवाळ धरते. बागेची नळी पाण्याला चव आणते ती वेगळीच. पाण्यासाठी बनविलेली अपारदर्शक नळी, किंवा हल्ली मिळणारे दाबून बसवावयाचे टणक प्लास्टिकचे नळ घ्यावेत. नळ जागोजाग पट्ट्यांनी बांधावा, नाही तर इंजिनाच्या थरथराटाने तो कडेवर घासून घासून कापला जातो.

पंपाकडे मी मुद्दामच शेवटी आलो, कारण सुधारणा म्हटले की लोक प्रथम विजेचा पंपच विकत घेतात. तोटी उघडली की तो आपोआप सुरू होतो. सोय मोठी, पण पाणी भराभर संपते. आणि कोठे नळ निसटला तर तो इमानेइतबारे सारी टाकी नावेच्या तळात ओतून मोकळा होतो. तळाचा पंप ते गोडे पाणी समुद्रात फेकतो, आणि सकाळपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. तोटी बंद असताना पंप मधूनमधून घरघरला तर कोठे तरी गळती आहे असे समजावे. पंपाआधी गाळणी आणि हाताशी बंद करावयाचे बटण हवेच. माझे मत विचाराल तर स्वयंपाकाच्या ओट्याशी पायाने दाबावयाचा एक साधा पंप अवश्य ठेवावा. वीज गेली तरी तो चालतो, आणि पाणी मोजकेच लागते.

दुरुस्ती झाली की निर्जंतुकीकरण. टाकी घासून धुवावी, मग लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन पडेल असे द्रावण भरावे. ३३ टक्के ताकदीची ब्लीचिंग पावडर ५०० लिटरला साधारण ७५ ग्रॅम लागते. ती बालदीत कालवून, गाळ बसल्यावर वरची निवळीच ओतावी. प्रत्येक तोटीला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडावे, चार तास तसेच ठेवावे आणि मग सारे काढून टाकून धुवावे. या कामात सिरका किंवा आम्ल जवळ आणू नये. दोन्ही मिसळल्यास विषारी वायू निघतो.

हे सारे करावयास वेळ कोठून आणावा, अशी तक्रार असते. गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यंत्रनौकांची मासेमारी बंद असते. २९ जूनला सांगोडासाठी होड्या एकमेकींना बांधून सजविल्या जातात. त्या उत्साहाचा दहावा हिस्साही टाकीसाठी पुरे. ऑगस्टच्या पहिल्या फेरीआधी पाणी भरताना एवढेच पाहावे की, धक्क्यावरची नळी मासळीच्या चिखलात लोळत पडलेली नाही. तिचे तोंड धुवावे, पहिले दोन मिनिटांचे पाणी बाहेर सोडावे, मग टाकीत घालावे. आणि भरून झाले की ती नळी गुंडाळून खुंटीला उंच टांगावी.