बोटं आणि भाता

आपल्या बचत गटांपैकी पुष्कळांची भजनी मंडळं आहेत. टाळ आहेत, गळे आहेत. पण पेटीवाले दादा आले नाहीत की एकादशीचं भजन अडतं. म्हणून आम्ही गटातल्या बायकांनीच पेटी शिकायला घेतली आहे. त्यातली एक महत्त्वाची गोष्ट आज सांगतो: उजव्या हाताची बोटं आणि डाव्या हातातला भाता यांची जोडी.

पियानोत हातोडी तारेवर पडते. पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा, आणि पायाखालचं पेडल दाबलं की बोट उचललं तरी सूर रेंगाळतो. पेटीचं तसं नाही. पट्टी फक्त हवेची वाट उघडते. कितीही जोर लावा, आवाज वाढत नाही. बोट उचललं की सूर संपला. आवाज लहानमोठा करायचा तो भात्यानं.

एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींडही पेटीवर निघत नाही. 1940 साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीला बंदी घातली, तेव्हा हा मोठा आक्षेप होता. पुढे बंदी उठली. पण सूर जोडण्याचं काम बोटांवरच राहिलं.

ते असं करायचं. 'सा'वर बोट ठेवा, 'रे' दाबा आणि त्याच क्षणी 'सा' सोडा. आधी सोडलात तर मध्ये खंड पडतो, उशिरा सोडलात तर दोन्ही सूर एकमेकांत मिसळतात. आता तेच सूर तोडून वाजवा. बोट चटकन उचला, पण भाता थांबवू नका. नवीन शिकणारीचा डावा हात बोटांबरोबर हिसके देतो. जात्यावरची ओवी आठवा: गाणं वरखाली होतं, जातं मात्र एका चालीनं फिरतं. भाता तसाच हवा.

मग दोन्ही एकत्र. 'विठ्ठल' म्हणून पाहा. 'ठ्ठ'ला जीभ क्षणभर अडते. तिथं बोट जरा उचला. 'ल' लांबवताना बोट धरून ठेवा. गजर चढला की पट्ट्या बडवू नका, भात्याचा दाब वाढवा.

रोज दहा मिनिटं पुरेत: आधी नुसता 'सा' न हलता धरायचा, मग जोडून, मग तोडून. प्रत्येक गटातून दोघी तरी तयार करूया. एक आजारी पडली तर दुसरी बसेल, आणि आपलं भजन कुणासाठी अडणार नाही.