मधली पाच वर्षं पाहा



मघाशी बक्षिसं देताना मी तुमच्यापैकी काही विद्यार्थ्यांना वय विचारलं. बहुतेकांचं उत्तर आलं, अठरा. म्हणजे येत्या निवडणुकीत तुमच्या बोटाला पहिल्यांदा शाई लागणार. म्हणून आज मी तुम्हाला एका उमेदवाराची गोष्ट सांगणार आहे.

सोलापूर जिल्ह्यातला सांगोला तालुका. पाऊस कमी, माळरान फार. १९६२ साली तिथून शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर एक तरुण वकील निवडून आला. गणपतराव देशमुख. मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. लोक त्यांना आबासाहेब म्हणत. एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षातून ते ११ वेळा आमदार झाले. २०१४ साली शेवटचे निवडून आले, तेव्हा त्यांनी पंच्याऐंशी ओलांडली होती.

एसटीत चढलं की आमदारांसाठी राखीव असलेलं आसन दिसतं. आपण ती अक्षरं वाचतो आणि खुशाल तिथे बसतो; आमदार कशाला एसटीनं येतील, असं आपण धरूनच चालतो. सांगोल्याच्या लोकांनी मात्र आपला आमदार एसटीनं ये-जा करताना पाहिला. दोनदा मंत्री होऊनही राहणी बदलली नाही.

पण मला त्यांच्या विजयांपेक्षा दोन पराभव महत्त्वाचे वाटतात. १९७२ साली ते हरले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ साली पुन्हा हरले, अवघ्या १९२ मतांनी. १९२ म्हणजे तुमच्या कॉलेजातले दोन-तीन वर्ग! इतक्या थोडक्यात गेलेली जागा माणसाला आतून पोखरते. आबासाहेबांनी पक्ष सोडला नाही, तालुका सोडला नाही, आणि १९९९ साली त्याच लोकांनी त्यांना पुन्हा विधानसभेत पाठवलं.

का पाठवलं? कारण काम डोळ्यांसमोर होतं. दुष्काळी तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी राहिली, हातांना काम मिळालं. कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावं म्हणून आटपाडीला पाणी परिषद भरायची. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीनं आबासाहेब तिथे वर्षानुवर्षं उभे राहिले. आज सांगोल्याचं डाळिंब दूरदूरच्या बाजारात जातं. तो घाम शेतकऱ्याचा आहे, यात शंका नाही. पण त्याच्या शेताला पाणी हवं, हे सभागृहात पन्नास वर्षं सांगत राहणारा माणूसही लागतो.

त्यांची प्रत्येक भूमिका मला पटायची असं नाही. तुम्हीही कोणत्या पक्षाला मत द्यावं, हे मी सांगणार नाही. उमेदवार कसा ओळखावा, एवढंच सांगतो. प्रचाराच्या दिवसांत सगळेच हात जोडतात, सगळ्यांचेच फलक चौकात झळकतात. माणूस कळतो तो दोन निवडणुकांच्या मधल्या पाच वर्षांत. टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीवर तो कधी गेला होता का? सभागृहात त्यानं कोणते प्रश्न मांडले? हरल्यावर तो कुठे होता? हे गावातल्या चार जाणत्या माणसांना विचारा. उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण आणि त्याच्यावरचे गुन्हे त्याला प्रतिज्ञापत्रात लिहून द्यावेच लागतात. निवडणूक आयोग ते सर्वांसाठी खुलं ठेवतो, तुमच्या मोबाईलवर वाचता येतं. सिनेमाचं परीक्षण वाचून तिकीट काढणाऱ्या तुम्हा मुलांना हे जड नाही.

३० जुलै २०२१ रोजी आबासाहेब गेले. अशी माणसं आपोआप निवडून येत नाहीत. त्यांना पारखणारे मतदार असावे लागतात. सांगोल्यात ते होते. उद्या ते तुम्ही व्हायचं आहे.

अठरा पूर्ण झालेल्यांनी या आठवड्यातच नमुना ६ भरा, यादीत नाव नोंदवा. आणि प्रतिज्ञापत्र वाचल्याशिवाय मतदान यंत्राचं बटण दाबू नका, एवढा शब्द मला द्या.