निकालाची दुपार आणि त्यानंतरचे आठवडे

बारावीचा निकाल दुपारी संकेतस्थळावर लागतो आणि तासाभरात अख्ख्या गल्लीला टक्के कळलेले असतात. सोलापूरच्या पालकांना माझी पहिली विनंती: तो आकडा नातेवाइकांना कळवण्याआधी मुलाला जेवायला बसवा.

एखाद्या विषयात अनपेक्षित कमी गुण दिसले, तर सोलापूर जिल्हा ज्याच्या अखत्यारीत येतो, त्या पुणे विभागीय मंडळाकडे गुणपडताळणीसाठी अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकन हवं असेल, तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते. मुदत थोडीच असते, म्हणून त्याच दिवशी शाळेत किंवा महाविद्यालयात चौकशी करा. अनुत्तीर्ण झालेल्यांना पूर्वी ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागे. आता पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्येच होते. वर्ष वाया गेलं, असं लगेच म्हणू नका.

खरा ताण पुढे असतो. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशफेऱ्या सीईटी कक्ष घेतो, त्या कित्येक आठवडे चालतात. या काळात जात वैधता, नॉन-क्रीमीलेयरची कागदपत्रं तयार ठेवा. ऐनवेळच्या धावपळीत मुलं खचतात. कला, वाणिज्य, विज्ञानासाठी 2004 साली स्थापन झालेलं आपलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आणि त्याची महाविद्यालयं जवळच आहेत. पुण्यालाच जायला हवं, हा हट्ट मला पटत नाही.

मूल गप्प झालं, झोपेना, जेवेना, तर वाट पाहू नका. टेलीमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.